आक्कांना मागणी

शिल्पाची गाडी दारात येऊन थांबली, वायपर थांबले, तरी पाहुण्या काही आत येईनात.

नंदाने किचनच्या खिडकीतून पाहिलं. शिल्पा गाडी लॉक करून उभी होती आणि तिच्यामागे, गेटच्या बाहेर फुटपाथवर, दोन बायका. एक चाळिशी उलटलेली, उंच, रुंद खांद्यांची. दुसरी पार म्हातारी. काळा ड्रेस, काळा स्कार्फ, हातात हिरव्या पानांची डहाळी, बहुतेक मोटरवेवरच्या सर्व्हिसेसच्या कुंपणातून तोडलेली. पाऊस भुरभुरत होता आणि दोघी शांत उभ्या होत्या.

"अहो, त्या भिजताहेत. आत का येत नाहीत?" नंदाने हाक मारली.

शशिकांत पुढच्या खोलीत टायची गाठ सारखी करत होता. "हरीश, जा रे, बोलाव त्यांना."

हरीशने दार सताड उघडलं आणि ब्रॅकनेलच्या ऑफिसात क्लायंट आल्यावर करतो तसा हात पुढे केला. "Come in, come in! दार उघडंच आहे!"

म्हातारी गोड हसली आणि जागची हलली नाही.

तेवढ्यात आक्का जिना उतरून खाली आल्या. इंग्लंडमध्ये स्लाऊला आल्यापासूनची सगळी वर्षं घरच्यांनी त्यांना साडी आणि वर राखाडी कार्डिगन यातच पाहिलं होतं. आज अंगात काळा स्कर्ट, पांढरा ब्लाउज आणि गळ्यात काळ्या दोरीत ओवलेला हिरवा दगड होता.

"बाजूला हो, हरीश. त्यांना बोलवावं लागतं."

"बोलावलं ना आत्या मी."

"असं नाही. खरं तर हे माझं काम नव्हे, घरच्या बाईने करायचं असतं. पण नंदाला काही हे येत नाही." आक्कांनी उंबऱ्यात पाय जुळवले, श्वास घेतला आणि साद घातली.

नंदाच्या हातातला डाव तसाच राहिला. तो आवाज गाण्याचा नव्हता आणि हाकेचाही नव्हता. लांब, उंच, मध्येच थरथरणारा, एखाद्या डोंगरावरून पलीकडच्या डोंगरावर जावा असा. गेटबाहेरून म्हातारीने तसल्याच आवाजात उत्तर दिलं. हीथ्रोकडे उतरणारं विमान डोक्यावरून गेलं. रोज त्या विमानांच्या आवाजाने या घरातली बोलणी मध्येच थांबायची. आज दोघी थांबल्या नाहीत. समोरच्या घरातला माणूस कुत्र्यासकट दारात येऊन उभा राहिला. मग पाहुण्या हळूहळू, एकेक पाऊल टाकत, आत आल्या.

हॉलमध्ये शेजारी शेजारी दोन फोटो होते. एक पाद्री काशीनाथ ओहोळांचा, म्हणजे शशिकांतच्या वडिलांचा. दुसरा बाबासाहेबांचा, तो नंदा माहेरहून घेऊन आली होती. म्हातारी आधी त्या फोटोंसमोर गेली. दोघांशी तिच्या भाषेत बराच वेळ बोलली, रडली, नाक पुसलं, आणि मगच जिवंत माणसांकडे वळली.

"घरातल्या गेलेल्यांना आधी भेटायचं असतं," आक्का म्हणाल्या.

नंदाला एकदम वाटलं, ही बाई जेवायला बसली की आधी तिला वाढायचं.

*

शशिकांतला त्या आवाजाचा धक्का बसला होता, आणि तो जेवताना कोणाला सांगता येण्यासारखा नव्हता.

आई गेल्यावर आक्कानेच त्याला वाढवलं. नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या आवारात पाद्रीसाहेबांची थोरली मुलगी सुलक्षणा म्हणजे मुलींच्या बोर्डिंगची होणारी मुख्याध्यापिका, हे सगळे धरूनच चालले होते. त्यासाठीच मिशनने तिला ट्रेनिंगला स्कॉटलंडला पाठवलं. ट्रेनिंग संपता संपता मिशनने कळवलं की बोर्डिंग एका नव्या गोऱ्या मिसकडे दिलंय, तू तिच्या हाताखाली ये. आक्का आलीच नाही. बरोबर शिकणाऱ्या एका मैत्रिणीच्या ओळखीने ती थेट न्यूझीलंडला गेली, माओरी मुलींच्या एका चर्चच्या शाळेत. आधी साधी बाई म्हणून, पुढे शाळा तिच्याच हाती आली. लग्न केलं नाही. नगरच्या घरात त्यावर पुढे कितीतरी वर्षं उसासे टाकले गेले. पाद्रीसाहेब म्हणायचे, तिला कोणी मागायलाच आलं नाही, कारण मागायला यायचं कुठे तेच कोणाला कळलं नाही.

ती गेली तेव्हा शशिकांत तेरा वर्षांचा होता. ती रिटायर झाल्यावर त्यानेच फोन करून तिला स्लाऊला बोलावून घेतलं. आली म्हणजे आली. आता कुठे जायची नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

जेवण छान झालं. उंच पाहुणीचं नाव हुइया. ती आक्काची जुनी विद्यार्थिनी, आता स्वतःच शिक्षिका. दोघी वेल्समधल्या शाळा पाहायला आल्या होत्या, तिथे मुलांना त्यांच्याच भाषेत कसं शिकवतात ते बघायला. ब्रिस्टलमध्ये टीचर ट्रेनिंग करणारी शिल्पा कार्डिफला जाऊन त्यांना घेऊन आली होती. हुइयाने भाकरी रश्शात चुरून हाताने खाल्ली आणि रस्सा दुसऱ्यांदा मागितला. म्हातारीला सगळे नॅनी पेटी म्हणत होते. इंग्रजी तिला समजत होतं, पण ती ते बोलायला तयार नव्हती.

जेवणं झाली, पाऊस उघडला, सगळे मागच्या बागेत आले. खुर्च्या टॉवेलने पुसल्या. तेव्हा नॅनी पेटी उभी राहिली आणि बोलू लागली. ती थांबेल तेव्हा हुइया इंग्रजीत सांगायची.

मधल्या काळात शाळा बंद पडली होती. आता मुलींच्या घरच्यांनीच ती पुन्हा उघडली होती, आणि आता तिथे सगळं माओरीतून शिकवलं जाणार होतं. शाळा चालवायला माणसं होती. जुनं आठवणारं, मुलींना रागावणारं, रात्री त्यांच्या गोष्टी ऐकणारं एक म्हातारं माणूस मात्र हवं होतं.

"आम्ही आमच्या फाएआला न्यायला आलो आहोत," हुइया म्हणाली. "फाएआ म्हणजे आई, मावशी, बाई, सगळं एकच. ती आमच्यात राहील. आणि वेळ येईल तेव्हा ती आमच्यातच झोपेल, नॅनीच्या शेजारी. जागा ठेवली आहे."

शेजारच्यांचं लॉनमोअर चालू झालं आणि बंद पडलं. शशिकांतने आक्काकडे पाहिलं. ती मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

"चहा करू या," शशिकांत म्हणाला आणि आत निघून गेला. एकेक करत घरचे त्याच्यामागे आले.

*

"तुला माहीत होतं?"

शिल्पाने हा प्रश्न येणार हे ओळखलं होतं. "कार्डिफपासून. हुइयाने गाडीत सांगितलं. ती म्हणाली, घरच्यांना आम्ही नीट विचारणार, तू आधी बोलू नकोस. There's a way of doing it."

"आणि तू गप्प बसलीस."

"पप्पा, मी काय बोलणार होते? ते मी सांगायचा गोष्ट नव्हता."

"गोष्ट नव्हती," नंदा केटल भरता भरता म्हणाली.

"नव्हती."

"ओके, प्रॅक्टिकली बघू या," हरीश म्हणाला. फ्रिजला टेकून उभा होता तो. "आत्याचा सगळा लाइफ तिथे गेला. तो तिचा शाळा आहे. इथे ती काय करते? मंगळवारी लायब्ररीत बायकांना इंग्लिश शिकवते, संडेला चर्च, आणि बाकी टाइम मम्मीशी डाळीवरून भांडण. जाऊ दे ना तिला. मम्मीला पण जरा रेस्ट. Let's be honest."

नंदा कप मांडत होती. कप मांडायची थांबली, मग पुन्हा मांडू लागली.

"सख्खा भाऊ जिवंत असताना बहीण परक्यांकडे जाऊन राहणार?" शशिकांतचा आवाज चढला. "लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक, पप्पा?" शिल्पाने विचारलं. "स्लाऊमध्ये आपल्याला ओळखतं कोण? चर्चमधले सहा लोक आणि आंबेडकर जयंतीला भेटतात ते. त्यांना आत्या आवडते. ते काही नाही म्हणणार." तिला वडिलांचा राग आला होता, पण ते टायची गाठ पुन्हा पुन्हा सारखी करताना दिसले आणि ती नरमली. "तुम्ही तिला कधी विचारलंत का, तिथे ती काय करायची? मी विचारलंय. मी टीचर होतेय ते तिच्यामुळे. जेव्हा सगळे म्हणायचे माओरी पोरींना भांडी घासायला शिकवा, बास, तेव्हा तिने त्यांना मॅथ्स शिकवलं. तिला हेड करायला चर्चवाले तयार नव्हते, पोरींच्या आज्या येऊन ऑफिसबाहेर बसल्या. मग केलं. पप्पा, तिला जायचं असेल तर तिने जावं."

"थँक यू," हरीश म्हणाला. "मग दोन वोट्स झाले. फक्त एक, ते बरीअलचं. त्याला पप्पांना वेळ लागणार, मला कळतं..."

"कसलं बरीअल?"

"ती म्हणाली ना. ‘आमच्यातच झोपेल.’ जागा ठेवली आहे."

शिल्पाने भावाकडे पाहिलं. तिने झोपेलचा अर्थ झोपेल असाच घेतला होता. एक खोली, एक पलंग, खिडकीतून दिसणारे डोंगर. दोन वर्षांनी परत येणारी आत्या.

"म्हणजे कायमचं?"

"Obviously."

"नाही." तिला स्वतःच्याच आवाजाचं आश्चर्य वाटलं. "मग नाही. मी तिला भेटायला कुठे जाऊ? मी दर महिन्याला ब्रिस्टलहून इथे येते ती तिच्यासाठी येते."

"माझ्यासाठी नाही?" नंदा म्हणाली.

"मम्मी! तुझ्यासाठी पण. You know what I mean."

"ग्रेट," हरीशने हात वर केले. "म्हणजे आता मी एकटा व्हिलन."

शशिकांतला मुलगी आपल्या बाजूला आल्याचा आनंद झाला नाही. तो सिंकपाशी पाठ करून उभा राहिला. नंदाने ट्रे उचलला आणि ती एकटीच बाहेर गेली.

*

नॅनी पेटीने आक्कांचा हात धरून ठेवला होता. नंदाने चहा दिला, साखर विचारली. चॉकलेटच्या कारखान्याचा वास वाऱ्यावर आला होता, त्यावर हुइया काहीतरी छान बोलली. मग तिने हळूच विचारलं, "आत भांडण चाललंय का?"

नंदाचे कान तापले. "नो, नो. असंच बोलतोय."

"अरेरे," हुइया म्हणाली. "मला वाटलं भांडताय."

नंदाला कळेना हसावं की काय.

"आमच्याकडे असं आहे," हुइया म्हणाली. "एखाद्या माणसाला मागायला गेलो आणि समोरच्यांनी चटकन दिलं, तर तो त्या माणसाचा अपमान. आमच्या आजीसाठी तर दोन्हीकडचे लोक दिवसभर भांडले होते. जितकं भांडण मोठं, तितकी तिची माना मोठी."

"मान?"

"माना. म्हणजे..." हुइया शब्द शोधू लागली.

"आमचाही तोच शब्द आहे," नंदा म्हणाली. "मान."

"तोच नाही, नंदा," आक्का पहिल्यांदाच बोलल्या. "योगायोग आहे."

"अर्थ तोच ना?"

आक्कांनी विचार केला. "हो. अर्थ बराचसा तोच."

"मग झालं." नंदाने ट्रे गवतावर ठेवला, पदर खोचला आणि घराकडे तोंड करून हाक मारली. "अहो! बाहेर या सगळे. हरीश, शिल्पा! मला भांडायचंय."

ते आले. शशिकांतचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नंदा हिरवळीच्या मधोमध उभी राहिली. जयंतीच्या कार्यक्रमात तिने आभारप्रदर्शन केलं होतं, तेवढाच काय तो अनुभव.

"मी मराठीतच बोलणार. आक्का, तुम्ही सांगायचं यांना. यांच्या भाषेत."

"माझ्याबद्दल मीच?"

"दुसरं कोणाला येतंय?"

आक्का नाइलाजाने उभ्या राहिल्या.

"मी औरंगाबादची. बौद्धाच्या घरातली. हे पाद्रीसाहेबांचे चिरंजीव. आम्ही लग्न ठरवलं तेव्हा पाद्रीसाहेब म्हणाले, मी येणार नाही. नाही आले. त्यांच्याकडचं कोणीच आलं नाही. मांडवात माझ्या बाजूला दोनशे माणसं आणि यांच्या बाजूला एकच खुर्ची भरलेली. त्या खुर्चीवर आक्का बसल्या होत्या. जगाच्या त्या टोकाहून विमानं बदलत आल्या होत्या, त्याच्यासाठी पूर्ण सुट्टी घालवून. माझे वडील म्हणाले, पोरी, एक आली, पण पुरेशी आली."

आक्कांनी दोनच वाक्यं सांगितली.

"गाळू नका," नंदा म्हणाली. "मला भाषा येत नसेल, पण मी मोठं बोलले आणि तुम्ही छोटं सांगितलंत."

हुइया हसली. आक्का लाल झाल्या आणि उरलेलं त्यांनी सांगितलं. ‘पुरेशी’ त्यांनी दोनदा सांगितलं.

"हरीशला वाटतं आक्का गेल्या तर मला रेस्ट मिळेल. डाळीवरून भांडतो आम्ही, खरंय. या जिरं घालतात, मला मोहरी लागते. पण हे पेपर वाचतात, पोरं आपापल्या गावी. या घरात माझ्याशी भांडायला थांबतं कोण? यांना नेलं तर मी कोणाशी भांडू? मला नाही द्यायच्या. माझी नणंद आहे, आणि मला नाही द्यायची."

ती खाली बसली. हरीश गवताकडे बघत होता. तो उठला आणि आईच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

*

मग हुइया उभी राहिली. तिने नंदाला वाकून मान दिला.

"हे भांडण चांगलं झालं," ती म्हणाली. "आता माझं ऐका. मी अकरा वर्षांची असताना शाळेत आले. आई नुकतीच गेली होती. मी तोंडच उघडत नव्हते. आठवडेच्या आठवडे नाही. मेट्रन म्हणाली, हिला परत पाठवा, डोक्यात बिघाड आहे. फाएआ काही म्हणाली नाही. रोज संध्याकाळी धुण्याच्या खोलीच्या पायऱ्यांवर माझ्या शेजारी येऊन बसायची आणि कोणालाच न कळणाऱ्या भाषेत बोलायची. आज मला कळलं की ती हीच भाषा. जेवताना तुम्ही बोलत होता, तो आवाज मी तीस वर्षांनी ऐकला."

शिल्पा पुढे सरकून बसली.

"तिला माझं कळणार नव्हतं, मला तिचं. त्यामुळे भीती गेली. एके दिवशी मीही बोलायला लागले, माझ्या भाषेत. आईबद्दल. ती तिचं बोलायची, मी माझं. तिच्या बोलण्यात एक शब्द सारखा यायचा. मला वाटायचं तिचा देव असेल. मी एकदा रात्री त्याची प्रार्थनाही केली." हुइया शशिकांतकडे वळली. "शशी. शशी. वर्षभराने विचारलं, तेव्हा म्हणाली, तो देव नाही गं, माझा धाकटा भाऊ आहे. मी त्याला सोडून आलेय."

शशिकांत उठून उभा राहिला, पण बोलायला नाही. नुसताच उभा राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की उभं राहिलेल्या माणसाने बोलायचं असतं.

"मला हे कोणी सांगितलं नाही," तो मराठीत म्हणाला. "मला वाटायचं तू मला विसरलीस. मी आवाराच्या फाटकापाशी जाऊन बसायचो, आक्का. बाबा म्हणायचे, ती आता दुसऱ्या पोरींची झाली. मला त्या पोरींचा इतका राग यायचा. एवढ्या वर्षांत मी कधी तिकडे आलो नाही, ते त्यासाठी. तिकिटाचं कारण सांगत राहिलो." त्याने डोळे पुसले आणि हुइयाकडे बोट केलं. "आणि ही पोरगी तिकडे माझीच प्रार्थना करत बसलेली."

आक्कांनी हे भाषांतर केलं नाही, आणि कोणी मागितलंही नाही.

*

आक्का भावाकडे बघत राहिल्या. टाय लावलेला, केस पांढरे झालेला, पोट सुटलेला हा माणूस आणि फाटकाशी बसलेला मुलगा, दोघे एकदमच त्यांच्यासमोर उभे होते. सहा वर्षं त्या या घरात होत्या आणि एकदाही त्यांनी विचारलं नव्हतं, मी गेल्यावर तू काय करत होतास. उत्तराची भीती वाटायची. आता उत्तर कळलं होतं आणि त्या अजून उभ्या होत्या.

"तुम्ही सगळे छान भांडलात," त्या म्हणाल्या. "शाळेत असतात तर मार्क दिले असते. पण अजून मला कोणी विचारलेलं नाही."

हरीशने तोंड उघडलं. शिल्पाने त्याच्या पायावर पाय दिला.

शशिकांतने विचारलं. "आक्का, तुला जायचंय?"

"हो."

एवढं सरळ उत्तर कोणाला अपेक्षित नव्हतं. त्यांनाही नव्हतं. कितीतरी दिवस हा शब्द त्या दाताखाली धरून बसल्या होत्या.

"रिटायर झाले त्या दिवसापासून जायचंय," त्या म्हणाल्या. "इथे मी तुझी बहीण आहे, पोरांची आत्या आहे, ते चांगलंच आहे. पण तिथे सकाळी साठ मुली एकदम उठायच्या, तो आवाज इथे नाही. आणि शशी, तुला सोडायचंही नाही. मागच्या वेळेला मी दोन्हीतलं एकच केलं. या वेळेला कसं करायचं ते मला कळत नाहीये. म्हणून गप्प होते."

आक्कांनी तेच माओरीत सांगितलं, तसं नॅनी पेटीने हुइयाला कोपराने ढोसलं आणि काहीतरी झर्रकन बोलली.

"नॅनी विचारतेय, यांना वाटलं तरी काय?" हुइया म्हणाली. "आम्ही तिला सूटकेससारखं विमानात घालून नेणार? तसं नसतं. आम्ही मागायचं, आणि तुम्ही आणून पोहोचवायचं. तिच्या माणसांनी तिला घेऊन यायचं, आमच्यासमोर उभं राहायचं, ही कोणाची मुलगी, कुठल्या गावची, ते बोलायचं. जेवायचं, राहायचं. त्यानंतर तुम्हीही आमचे. मग येत राहायचं. आम्हीही येणार. आता भाकरी खाल्ली आहे आम्ही."

"सगळ्यांनी यायचं?" शिल्पाने विचारलं.

"जितके याल तितकं चांगलं. ख्रिसमसला या. तेव्हा तिकडे उन्हाळा असतो."

"ख्रिसमसला उन्हाळा," नंदा म्हणाली. तिने डोळे पुसले होते आणि आता तिला कामाचे प्रश्न पडायला लागले होते. "म्हणजे कोट लागणार नाहीत. तुमच्याकडे मोहरी मिळते का?"

"मिळते, पण यांना मी जिरंच घालून देणार," आक्का म्हणाल्या.

"बघू. मी आहे ना तिथे."

हरीश हळूच म्हणाला, "जानेवारीपर्यंत लीव्ह काढतो मी. सगळा लीव्ह."

"सगळी," नंदा आणि आक्का एकदम म्हणाल्या.

नंदाला अचानक हसू फुटलं. "पाद्रीसाहेब म्हणायचे, आक्काला कोणी मागायलाच आलं नाही! बघा म्हणावं आता. सहासष्टाव्या वर्षी मागणी आली, तीही समुद्रापलीकडून, म्हातारी घेऊन."

आक्कांनी ते सगळंच्या सगळं, काहीही न गाळता, माओरीत सांगितलं. नॅनी पेटी इतकी हसली की तिच्या हातातली कपबशी हुइयाला काढून घ्यावी लागली.

शशिकांत मात्र विचारात पडला होता. "आक्का, तिथे उभं राहून बोलायचं म्हणाली ती. ते कोण बोलणार?"

"तूच. तुझ्या बाजूचा मोठा माणूस तूच."

"मी? मी चार माणसांत कधी बोललो नाही."

"आत्ता बोललात की," नंदा म्हणाली. "आणि रडलातही. दोन्ही जमलं."

"मराठीत बोल," आक्का म्हणाल्या. "बाबांचं नाव घे, आईचं नाव घे, नगरचं घे, नंदाच्या माणसांचं घे. फक्त सुरुवात त्यांच्या शब्दांनी करायची. त्याला एक पद्धत आहे." त्यांनी खुर्ची त्याच्यासमोर ओढली आणि पाठ ताठ करून बसल्या. मुलींना वर्गात बसवताना बसायच्या तशा. "तेना कोउतोउ. म्हणजे, तुम्ही सगळे आहात, तुम्हाला नमस्कार. म्हण."

"तेना कोटो."

"कोउ. तोउ. पुन्हा."

"तेना कोउ तोउ."

"तुकडे नको पाडू. एका श्वासात."

शशिकांतने म्हटलं. नॅनी पेटीने मान डोलावली, पण आक्कांचं समाधान झालं नाही.

"तोंडातल्या तोंडात बोलतोयस. तिथे पटांगण मोठं असतं, शशी. पलीकडच्या टोकाला लोक बसलेले असतात. त्यांना ऐकू गेलं पाहिजे."

शशिकांतने कोटाचं बटण लावलं, ओल्या हिरवळीवरून चालत बागेच्या पार शेवटच्या कुंपणापाशी गेला, आणि तिथून वळून उभा राहिला, ऐकू जातंय का ते पाहायला.